स्टीलच्या नळीतला आवाज

माझा स्वभाव तापट. काम बिघडलं की मी हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकतो. पनवेलच्या आमच्या गाळ्यात आम्ही तिघं कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकलेल्या माणसांसाठी बोलायचं यंत्र बनवत होतो. हनुवटीखाली नळी टेकवायची, बटण दाबायचं, नळी थरथरते आणि ओठ-जीभ हलवली की शब्द उमटतात. आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा येतो, पण कळतो.

उरणकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर आमचं यंत्र वापरून बघायचा. न्हावा शेव्याचे कंटेनर ओढण्यात त्याची उमर गेली आणि तंबाखूपायी घसा गेला. यंत्रावर त्याने काढलेला पहिला शब्द म्हणजे अस्सल शिवी. आम्ही तिघं पोट धरून हसलो. सोबत आलेली त्याची बायको हसली नाही.

तो चहाला खाली उतरला तशी ती माझ्याजवळ आली. "दादा, याचा आवाज वाढवा. लांबून ऐकू आला पायजे."

बाई नवऱ्याच्या आवाजाला आसुसलीय, असं मला वाटलं आणि मी तसं बोलूनही गेलो. तिने माझ्याकडे बावळटाकडे बघावं तसं बघितलं.

"आदी तो गल्लीच्या तोंडापासनं शिव्या देत यायचा. मी पोरीला घेऊन मागल्या दारानं शेजारी जायची. आता मुका येतो. पाठीत बसल्यावर कळतं." मग म्हणाली, "आन हे धरायला एक हात लागतो ना? मंग मारायला एकच रायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता पोलिसात जाऊ, म्हटलं.

"ते बघू मंग. तुमी आदी आवाज वाढवा."

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. मोठी बॅटरी घातली. प्लास्टिकची नळी पडली की तडकायची, म्हणून कळंबोलीच्या लोखंड बाजारातून स्टीलचा पाइप आणून लेथवर घडवून घेतला. ट्रेलर अंगावरून गेला तरी काही होणार नाही, अशी फुशारकीही मारली. यंत्र हाताला चांगलंच जड लागत होतं, पण आवाज खाली रिक्षा स्टँडपर्यंत पोचत होता. मी खूश होतो.

तीन आठवड्यांनी दोघं आली, सोबत पोरगी. माझे दोघे साथीदार तेव्हा बाहेर गेले होते, गाळ्यात मी एकटाच होतो. नळी एका बाजूने चेपली होती. 'पडलं,' असं त्याने नुसत्या ओठांनी सांगितलं. मी झाकण फिरवून उघडलं. आट्यांमध्ये काळपट रक्त सुकलं होतं आणि त्यात दोन लांब केस अडकले होते.

मी मान वर केली. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता, तरी खालचे टाके दिसत होते. ते वजन मी दिलं होतं.

मी काही बोललो नाही. उठलो आणि त्याच्या कानाखाली जाळ काढला. तो मागच्या रॅकवर आदळला, डबे खाली कोसळले. मी कॉलर धरून त्याला उभा केला आणि पुन्हा हाणलं. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याचं तोंड ओरडल्यासारखं उघडलं, पण श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा फसफसली. मी तिसऱ्यांदा मारलं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पोरगी किंचाळली म्हणून मी मागे वळलो. तिची आई दाराशी जमिनीवर बसली होती. पोरीला पोटाखाली घेतलेलं आणि दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर.

मी कॉलर सोडली आणि तिला उठवायला पुढे झालो. ती बसल्या बसल्या मागे सरकली, भिंतीला टेकेपर्यंत.

"वहिनी, अहो, तुम्हाला नाही..."

"तुमी बी आदी काय बोलला नाय," ती म्हणाली.

मग ती उठली, पोरीला कडेवर घेतलं. "मी उलव्याला भावाकडं चालली," असं आमच्यापैकी नक्की कुणाला सांगितलं कोण जाणे, आणि जिना उतरून गेली. तो तिच्या मागे गेला नाही. मीही गेलो नाही. गाळ्यात आम्ही दोघंच उरलो.