वा, छान!

मी एका बाईचं वाईट सूत तीन आठवडे रोज ‘वा, छान!’ म्हणून घेतलं. सुताकडे बघत मात्र नव्हतो.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. सेवाग्रामजवळच्या एका छोट्या कताई केंद्रात मी कारकून होतो. नुकताच एका शिबिराला जाऊन आलो होतो आणि तिथून दोन गोष्टी घरी आणल्या होत्या : सर्दी, आणि ‘प्रत्येकाला प्रोत्साहन द्या’ हा उपदेश. सर्दी चार दिवसांत गेली. उपदेश काही जाईना. कोणी झाडू मारला तरी मी ‘वा!’ म्हणायचो. आमचा चपराशी बिनसाखरेचा चहा आणायचा, त्यालाही ‘छान’. साखर विसरल्याचं त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

ही बाई माहेरची वडनेरची. नवरा गेलेला, पोरगी तिसरीत. कंबर धरली होती, त्यामुळे शेतात निंदणाला वाकता येत नव्हतं. बसून करायचं काम म्हणून ती कातायला आली. केंद्रात चरखे सहा आणि वाट बघणाऱ्या बाया बऱ्याच. सूत मागावर टिकलं तर चरखा कायमचा तिचा, नाहीतर पोरीला घेऊन वडनेरला भावाच्या दारात. भावजय कशी आहे हे तिने एकदाच सांगितलं होतं, तेही न बोलता, नुसतं तोंड वाकडं करून.

एका दुपारी आमचे म्हातारे विणकर आले आणि तिच्या सुताची गुंडी, म्हणजे लडी, त्यांनी माझ्या टेबलावर आपटली.

“बाबू, हे सूत कोनं घेतलं?”

“मी.”

“डोळे उघडून का मिटून?” त्यांनी धागा दोन बोटांत धरला, नुसता हिसकला, तुटला. “पीळच नाई. माग चालवू का दिवसभर गाठीच मारत बसू?”

मागे चरखा थांबला. बाई उठून आली.

“बाबूजी तं रोज छान म्हनत होते.”

विणकरबुवा माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीकडे.

“मंग मले काऊन नाई सांगतलं?” तिने विचारलं.

“तुमचा उत्साह वाढावा म्हणून...”

“त्या उत्साहाचं काय करू? वडनेरले घेऊन जाऊ?”

व्यवस्थापकांनी होळीपर्यंतची मुदत दिली. होळीला पंधरा दिवस होते.

विणकरबुवा निघाले. पण दारात थांबले. टेबलावरून उचललेली गुंडी अजून त्यांच्या हातात होती. तिचा धागा बोटांतून ओढत ते एका जागी अडले.

“हा दोन हात धागा कवाचा?”

“कालचा. पोरगी शाळेत गेल्यावरचा,” ती म्हणाली.

“हा बरोबर हाये. पीळ बी बरोबर, जाडी बी. असाच हात चालला पाह्यजे.”

एवढंच बोलून, गुंडी तिच्या हातात ठेवून ते गेले. तिने तेवढा धागा तोडला, चरख्याजवळच्या खिडकीच्या गजाला बांधला आणि पुन्हा कातायला बसली. दर थोड्या वेळाने त्या धाग्याकडे बघायची. माझ्या तीन आठवड्यांच्या ‘वा’ने तिचा हात तसूभर हलला नव्हता, म्हाताऱ्याच्या त्या दोन हातांनी संध्याकाळपर्यंत हलवला.

मला राग आला, स्वतःचा. ठरवलं, बघितल्याशिवाय चांगलं म्हणायचं नाही. पण बघायचं तर कळायला हवं, आणि सुतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून ऑफिस सुटल्यावर मीही चरखा घेऊन बसलो. माझं सूत एका जागी शेवईसारखं, तर दुसऱ्या जागी सुतळीसारखं.

“बाबूजी, पेळू इतका आवळू नका,” ती म्हणाली. “कापूसच हाये तो, पळून नाई जात.”

पेळू म्हणजे हातात धरायची कापसाची वळी. मी ती चोर पकडल्यासारखी धरली होती.

मग रोज मी तिचं सूत खिडकीच्या उजेडात धरायचो. इथे पीळ कमी. इथे जाड झालं. हे इथून इथपर्यंत चांगलं. सुरुवातीला चांगलं हातभर निघायचं, मग पाच-सहा हात. एक दिवस काहीच निघालं नाही. ‘छान’ जिभेवर येऊन बसलं होतं, ते गिळलं आणि म्हणालो, “आज एकही हात नाही.” तिने गजावरच्या धाग्याकडे बघितलं, “बरं” म्हणाली आणि चाक फिरवलं. मीही माझं फिरवलं.

होळीच्या आदल्या दिवशी तिचं सूत मागावर चढलं. आम्ही दोघं विणकरबुवांच्या पडवीत उभे. धागा एकदा तुटला. त्यांनी गाठ मारली. पुन्हा तुटला. पुन्हा गाठ. बाईने पदर मुठीत आवळला होता. त्यानंतर माग खटाखट चालत राहिला आणि चार बोटं कापड झालं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“चालते,” ते म्हणाले.

त्या तोंडून ‘चालते’ ऐकायला लोक वर्ष-वर्ष थांबायचे. बाईने पदर सोडला. चरखा तिचा झाला.

खरं तर मी तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण मलाही हुरूप आला होता. पिशवीतून मी माझी पंधरा दिवसांची गुंडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. “आणि हे?”

त्यांनी धागा बोटांतून पूर्ण ओढला, घाई न करता. दोन हात कुठे सापडतील म्हणून मी वाट बघत होतो.

“बाबू, हे घरी नेजा,” ते म्हणाले. “बैल बांधाले कामी येईन. पन बैल गरीब असन तरच.”