सडबरीचं ग्रहण

नत्थूजी बोरकुटे खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर होऊन सीताबर्डीत राहायला आले, तरी त्यांच्या लेखी दिवसाचे भाग तीनच होते : फर्स्ट, सेकंड आणि थर्ड शिफ्ट. त्यामुळे मुलगी कुसुम लग्नानंतर कॅनडातल्या सडबरी गावी गेली, तेव्हा तिथली वेळ समजायला त्यांना अडचण पडली नाही. "आपली सेकंड लागते, तवा तिथं थर्ड चालू राहते," असं ते शेजाऱ्यांना सांगत. फेब्रुवारीत तिथे साडेसातपर्यंत सूर्य उगवत नाही, हे मात्र त्यांना पटत नसे. या ढिलाईबद्दल ते तिथल्या सरकारला जबाबदार धरत.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी अडीचनंतर सूर्यग्रहण आलं. कुसुमला पाचवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. ग्रहणात तिने काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर पडायचं नाही, सरळ पडून राहायचं, असं रुख्मिणीबाईंनी ठरवलं.

"अवं, तिथं दिसतच नाही गिरान," नत्थूजी म्हणाले.

"करंट दिसते का तुमचा? लागते का नाही?"

जन्मभर वीज केलेल्या माणसाने कागद-पेन्सिल शोधायला घेतली.

प्रकरण गंभीर, म्हणून नत्थूजींनी शिफ्टचा हिशेब बाजूला ठेवून कागदावर रीतसर गणित मांडलं, आणि साडेदहा तास वजा करायचे ते मिळवले. ती वेळ पत्राने गेली, आणि कुसुमनेही आज्ञाधारकपणे कळवलं, शनिवारी रात्री एकनंतर मी सरळ पडून राहीन.

ग्रहणाच्या दुपारी व्हेरायटी चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं. दारं-खिडक्या लावून, पाण्यात तुळशीपत्र टाकून दोघं बसली होती. सहज रुख्मिणीबाईंनी विचारलं, "आता किती वाजले असन तिथं?"

"थर्ड सुटाची आहे. पाच होऊन राहिले सकाळचे," नत्थूजी सवयीने म्हणाले, आणि ताडकन उठले. म्हणजे तिथे ग्रहण रात्री एकला नव्हे, आत्ताच होतं!

पाचला कुसुम उठायची. जावयाची खाणीत फर्स्ट शिफ्ट, त्याचा डबा करायची. भाजी चिरायला विळी लागते म्हणून रुख्मिणीबाईंनीच ती लुगड्यात बांधून विमानाने पाठवली होती.

"चालले कुठं जी? गिरान चालू आहे!"

"तारघरात," एवढंच बोलून नत्थूजी निघाले. डोक्यावर छत्री धरली होती. ती कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. उन्हाचा रंग जुन्या पितळेसारखा झाला होता. वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही. आता तिने टोपली घेतली असेल, आता विळीचा पाट ओढला असेल, असं करत त्यांनी रस्ता काटला.

तारघरातल्या बाईंनी खिडकीला चादर लावली होती.

"गिरानात कोनाले फोन लावता, काकाजी?"

"पोरीले. कॅनडात. अर्जंट."

एरवी परदेशचा कॉल लागायला दिवस जायचा. पण देश घरात दडून बसला होता, लाइनी मोकळ्या होत्या. कॉल दहा मिनिटांत लागला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"तू भाजी चिरून राहिली का?"

"भाजी? आज शनिवार, यांना सुटी. झोपले होते मी."

"सरळ?"

"सरळच. घंटा वाजली म्हणून अंधारात धावत खाली आले. जिन्यावर जरा पाय सरकला..."

"लागलं?"

"नाही... म्हणजे बसलेच एकदम. कंबर जरा..." पुढे नुसती खरखर. बाईंनी पुन्हा लावून पाहिला. लाइन मेली होती.

नत्थूजी घरी आले तेव्हा ग्रहण सुटलं होतं. गल्लीत बादल्यांचे आवाज सुरू होते. रुख्मिणीबाई दारातच उभ्या होत्या.

"काय करून राहिली होती ती?"

"झोपली होती. सरळ."

रुख्मिणीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

"झोपली होती, तं फोन कोनं उचलला?"

नत्थूजी छत्री मिटत राहिले. ती केव्हाच मिटली होती.