नात चहावर आहे

आमची मुलगी दीड-दोन महिने आधीच आली आणि आल्याबरोबर श्वास घ्यायला विसरू लागली. 'विसरू लागली' हे शब्द डॉक्टर मॅडमचे. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूला श्वासाची सवय पुरती लागलेली नसते, त्यामुळे ती मध्येच थांबतात. मग तिच्या काचेच्या पेटीशेजारचं यंत्र कोकलायचं, सिस्टर येऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायची आणि बाईसाहेबांना आठवण व्हायची. ती टिचकी आणि ती आठवण यांच्यामध्ये माझा जीव कुठे असायचा, ते मला अजून सांगता येत नाही.

त्यावर तिला एक औषध सुरू झालं. नाकातल्या नळीतून रोज थोडेसे थेंब. थांबणं कमी झालं, मग जवळजवळ बंदच झालं. मी औषधाचं नाव विचारलं तर ते कॅफीन निघालं. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा खळखळून हसले ती तेव्हा. टाके दुखले, तरी हसले.

माझे सासरे सदाशिव पेठेतले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, आणि चहाच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही न ऐकणारे. त्यांना फोनवर सांगितलं.

"म्हणजे चहाच की."

"बाबा, चहा नाही. कॅफीन."

"तेच ते. दूध-साखर वगळली, एवढंच. अगं, घराण्याचं रक्त आहे ते."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यापासून शेजारच्या क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की नात चहावर आहे. एका काकूंनी तर मला काळजीने विचारलं, आलं घालतात का हो त्यात?

पोरगी अंगाने भरली, पेटीतून बाहेर आली. एका सकाळी मॅडमनी औषध बंद केलं. म्हणाल्या, "हे अंगातून उतरलं आणि तरीही ही नीट श्वास घेत राहिली, की घरी." मी आनंदाने घरी कळवलं. संध्याकाळी सासरे हॉस्पिटलच्या दारात हजर. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, काखेत दुपटी-टोपडी, आणि खाली रिक्षा थांबवून ठेवलेली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांचा हिशेब मात्र पक्का होता. "माझा दुपारचा चहा संध्याकाळी उतरतो, म्हणून तर मला परत लागतो. हिचे सकाळचे चार थेंब एव्हाना उतरलेच पाहिजेत."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. "आजोबा, तुमचा चहा तुमचं यकृत उतरवतं. यकृतात एक एन्झाइम असतं, सीवायपी वन-ए-टू नावाचं. कॅफीन, काही औषधं, असं बाहेरून आलेलं सामान ते मोडून टाकतं. हिच्या यकृतात ते अजून जवळपास नाहीच. नीट कामाला लागायला काही महिने जातील."

"म्हणजे पद मंजूर आहे, माणूस रुजू झालेला नाही," सासरे म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग तोवर काम कोण बघतं?"

"मूत्रपिंडं. बरंचसं कॅफीन न मोडता, जसंच्या तसं शूवाटे जातं. पण फार सावकाश. आठवडा तरी धरा."

पेढे परत नेणं बरं दिसत नाही म्हणून सासऱ्यांनी ते तिथल्या सिस्टरांना वाटले आणि दुपटी घेऊन रिक्षात बसले.

मी मात्र तिथेच बसून राहिले, आणि चिडले. इतके दिवस मी तिची इवलीशी छाती वरखाली होताना डोळे भरून बघत होते. मग तो श्वास होता कुणाचा? तिचा की औषधाचा? मॅडमना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "आत्ता सांगता येणार नाही. कॅफीन अंगात आहे तोवर ते तिला टोचणी देत राहणार. ते गेलं की कळेल." नवरा म्हणाला, "होईल गं सगळं नीट." बिचाऱ्याने दुसरं काय म्हणायचं होतं? पण मी त्याच्यावरही खेकसले. औषध लवकर जावं असं वाटायचं आणि ते जाऊच नये असंही वाटायचं.

या कोंडीतून मला बाहेर काढलं वऱ्हाडातून आलेल्या एका सिस्टरने. त्या वॉर्डात बाळाचा प्रत्येक ओला लंगोट वजन करून बघतात. दुसऱ्या दिवशी तिने एक लंगोट काट्यावर ठेवला आणि मला हाक मारली. "ताई, बघा बरं, कसा भरगच्च! चहा सांडून राहिली तुमची पोरगी."

मला ते इतकं पटलं की काय सांगू. हातावर हात धरून बसण्यापेक्षा हे बरं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात, जिथे जेवताना खोकल्याचंही नाव काढत नाहीत तिथे, दिवसभर एकच विषय. सासऱ्यांचा फोन यायचा.

"झाली का?"

"झाली, बाबा."

"बरी?"

"भरपूर."

"शाब्बास. आमच्या कचेरीत एवढा निपटारा कधी झाला नाही."

एकदा नवरा हिंजवडीत कंपनीच्या मीटिंगमध्ये होता. मी पाठवलेला लंगोटाचा फोटो त्याने चुकून समोरच्या पडद्यावर उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी तर प्रत्येक ओल्या लंगोटाला तिची पापी घ्यायचे. एवढं कौतुक तिच्या पुढच्या कुठल्याही परीक्षेला होईलसं वाटत नाही.

मग आठवडा सरत आला असताना, एका दुपारी मी तिला छातीवर घेऊन बसले होते आणि यंत्र कोकललं. झालं, औषध गेलं आणि श्वासही गेला, एवढंच डोक्यात आलं. एरवी मी यंत्राच्या आकड्यांकडे बघायचे, त्या वेळी का कोण जाणे, खाली तिच्याकडे बघितलं. बाईसाहेबांनी मोठ्ठी जांभई दिली. सिस्टर धावत आली आणि हसायला लागली. "वायर उपटून फेकली नं हिनं! घरी जायची घाई होऊन राहिली." मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदमच. तिच्या टाळूवर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं आणि ती जांभया देत होती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "आता तिच्या अंगात जमेस धरावं इतकं कॅफीन उरलेलं नाही. न्या घरी." सिस्टरने तिच्या अंगावरच्या चिकटपट्ट्या काढल्या, यंत्र बंद केलं. इतक्या दिवसांचा तो टुकटुक आवाज थांबला आणि मला ती शांतता सहन होईना. तिला उचलून मी भराभर बाहेर आले. सासरे व्हरांड्यात उभे होते. नातीला त्यांनी आजवर काचेतूनच पाहिलेलं. मी तिला त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, आता औषध नाही, यंत्रही नाही. सगळं तिचं तीच करतेय."

"हळू बोल," ते माझ्यावरच डाफरले आणि वाकून त्यांनी आपला कान तिच्या नाकाशी नेला. लोक येत-जात होते, कुणीतरी स्ट्रेचर नेत होतं, ते तसेच वाकून उभे राहिले. बराच वेळ. मला राहवेना.

"बाबा?"

"घेतेय," ते तसेच, मान वर न करता म्हणाले. "आपला आपण घेतेय."