बाळकृष्णाचा स्वेटर

आमच्या देवघरातल्या बाळकृष्णाचा एक स्वेटर उंदराने कुरतडला, असे पाच वर्षांपूर्वी मी घरात सांगितले. ते खोटे होते. तो स्वेटर मीच देवाच्या अंगावरून उतरवला आणि निर्माल्याच्या पिशवीत घालून क्षिप्रेत सोडून आलो. ही गोष्ट मी इतकी वर्षे पत्नीला सांगितली नाही, आणि जिने तो विणला होता तिला तर नाहीच. त्यानंतरही रोज सकाळी त्याच बाळकृष्णाला स्नान घालताना मी निर्धास्तपणे स्तोत्र म्हणत असे, हे आज अधिक लाजिरवाणे वाटते.

विणणारी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. ती खंडव्याहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला उज्जैनला आली आणि दोन वर्षे आमच्याकडे राहिली. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून आमचे घर फार शांत झाले होते. तिच्या येण्याने त्या शांततेत सुयांचा बारीक आवाज आला.

माळव्याची थंडी कोरडी असते. सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवर ऊन आले की ती चटई आणि रजई घेऊन वर जायची. शेजारी फोनवर प्राध्यापकांचे व्याख्यान चालू, मांडीवर वही आणि हातात विणकाम. तिने अभ्यासाची एक रीत बसवली होती. एका ओळीला वनस्पतींचे एक कुळ घ्यायचे. सुलट-उलट टाके घालत त्या कुळाची लक्षणे मनात म्हणायची, आणि एखादे लक्षण चुकले तर अख्खी ओळ उसवायची.

"अगं, अशाने हा मोजा परीक्षेपर्यंत पुरेल तुला," पत्नी म्हणायची.

"मामी, मोजा पूर्ण झाला म्हणजे समजा, मी पास झाले. दुसरा मोजा झाला तर फर्स्ट क्लास."

"आणि एकच झाला तर?"

"तर मामांना देईन. एका पायाला तरी ऊब मिळेल."

संध्याकाळी कधी आम्ही तिघे टावर चौकात गराडू खायला जायचो. तळलेल्या कंदाच्या त्या तिखट फोडी तिला फार आवडायच्या, पण घरी आल्यावर बेसनाने हात धुतल्याशिवाय ती लोकरीला शिवत नसे. क्रोशाने तिने आमच्या चहाच्या कपांखाली ठेवायला चकत्या केल्या, पत्नीच्या चष्म्याला घर केले, मला कानटोपी केली. ती घालून मी कार्यालयात जात असे आणि कुणी विचारण्याची वाट पाहत असे.

थंडी पडली की इकडच्या घरांतून देवालाही ऊबदार कपडे घालतात. पत्नीने ही रीत हिंदी शेजारणींकडून उचलली आणि ती आमच्याही घरची झाली. त्या वर्षी तिने देवास गेटच्या बाजारातून जरीचा एक झगा आणला होता. भाचीने तो बोटांत धरून पाहिला.

"मामी, हा टोचत असेल हो त्याला. मी विणून देते ना."

काम सोपे नव्हते. आमचा बाळकृष्ण रांगता आहे, आणि लाडू धरलेला त्याचा उजवा हात वर उचललेला आहे. सरळ बाह्यांचा स्वेटर त्याच्या अंगात जातच नाही. तिने दोऱ्याने त्याचे माप घेतले, दोन बाह्या वेगवेगळ्या कोनांत विणल्या आणि पाठ उघडी ठेवून तिथे मोत्याएवढी तीन बटणे लावली. रंग पिस्त्याचा होता. सगळा स्वेटर माझ्या तळहातावर मावला असता. पाचव्या दिवशी सकाळी तिने तो पत्नीच्या हाती दिला, पत्नीने तो देवाला घातला, आणि दोघी बराच वेळ देवघरासमोर उभ्या राहून कौतुक करत होत्या.

पाचव्या दिवशी असे मी लिहितो, कारण मी दिवस मोजले होते.

पहिल्या दिवशी तिने पत्नीला म्हटले होते, "मामी, दोन-चार दिवस देवाची फुलं मी नाही काढणार." पत्नी "बरं" म्हणाली. आमच्या घरात बाजूला बसण्याची पद्धत कधीच मोडली होती, आणि ती मीच मोडली असे मी अभिमानाने सांगत असे. इथल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात मी या विषयावर बोललो होतो, टाळ्याही घेतल्या होत्या. ते चार दिवस ती गच्चीवर पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसे, आणि तिच्या हातात तोच पिस्त्याच्या रंगाचा स्वेटर असे. मी वर वर्तमानपत्र वाचत असे. मला सगळे दिसत होते.

देवाला स्वेटर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसलो आणि बटणे काढून स्वेटर बाजूला ठेवला. स्नान झाले, गंध झाले. स्वेटर पुन्हा घालण्यासाठी हात पुढे गेला आणि थांबला. हे देव आईच्या हातचे आहेत, तिला हे चालले नसते, असे मी स्वतःला सांगितले. आई जाऊन बारा वर्षे झाली होती. माझ्या मनातली किळस मी तिच्या नावाने देवापुढे ठेवली, एवढेच त्यात खरे होते. मी स्वेटर शिळ्या फुलांसोबत पिशवीत घातला आणि कार्यालयात जाताना वाट वाकडी करून घाटावर गेलो.

संध्याकाळी तिने विचारले, "मामा, बाळकृष्ण उघडाच का?"

"उंदराने कुरतडला गं," मी म्हणालो. "टाकूनच द्यावा लागला."

ती हसली. "मोठा भक्त दिसतो तुमचा उंदीर. प्रसाद सोडून कपडे खातो."

पत्नीने त्याच दिवशी शेजारून पिंजरा मागून आणला आणि त्यात पोळीचा तुकडा अडकवला. रोज सकाळी पिंजरा रिकामा असे आणि पोळी वाळलेली असे. आठवडाभराने ती म्हणाली, "अहो, उंदीर काही सापडत नाही. तुम्ही नक्की पाहिलं ना?" मी म्हणालो, "हुशार असतात ते."

भाचीने दुसरा स्वेटर केला, निळा. तेव्हा माझ्या हातून जे झाले ते पहिल्या गोष्टीहूनही हीन आहे. ती विणत होती तितके दिवस मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या पानावर नजर ठेवून मनात हिशेब करत होतो. घरच्या लेकीसारख्या मुलीवर मी अशी पाळत ठेवली. हिशेब माझ्या मनासारखा निघाला म्हणून निळा स्वेटर देवाच्या अंगावर राहिला. ती मात्र रोज संध्याकाळी दिवा लागला की तो उतरवून स्टीलच्या डब्यात झाकून ठेवत असे, उंदीर येईल म्हणून. डब्याचे झाकण घट्ट बसले की नाही, हे ती दोनदा दाबून पाही. मी समोरच बसलेला असे.

ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि देवासच्या एका महाविद्यालयात शिकवू लागली. मी तिला पेढे दिले, आशीर्वाद दिले. खरे सांगण्याच्या कितीतरी संधी आल्या. मी दरवेळी असे ठरवले की आता सांगून उगाच तिचे मन दुखवायचे कशाला. प्रत्यक्षात तिच्या नजरेतली माझी जागा मला सोडवत नव्हती.

या जानेवारीत ती दोन दिवसांसाठी आली होती. दुपारी गच्चीवर पत्नी मटार सोलत होती. भाचीने नवी लोकर आणली होती. तिने तिची लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि समोर बसून गुंडा गुंडाळू लागली.

"बाळकृष्णाला यंदा नवा कर की," पत्नी म्हणाली. "तो निळा उसवत चाललाय बघ."

"करते मामी. पण सोमवारनंतर सुरू करीन."

"का गं?"

"आज तिसरा दिवस आहे."

"मग काय झालं? विणायला कुठे काय होतंय?"

ती हसली, पण गुंडाळायची थांबली नाही. "तो पहिला आठवतो ना, पिस्त्याच्या रंगाचा? तो मी असल्याच दिवसांत विणला होता. आणि मग उंदीर आला. एवढं देवघर, तेलाच्या वाती, प्रसाद, सगळं सोडून त्याला नेमका तोच मिळाला. मला तेव्हाच वाटलं, देवाने आपल्याला सांगितलं. तेव्हापासून या दिवसांत मी सुयांना हातच लावत नाही. मैत्रिणीच्या बाळाचं टोपडंसुद्धा अर्धं ठेवलं होतं. मामा, हात जरा वर धरा, गुंता होतोय."

"वेडी आहेस का? उंदराला काय कळतंय?"

"मामी, मी मुलांना शास्त्र शिकवते. उंदराला काही कळत नाही हे मलाही माहीत आहे. पण हात थांबतो, त्याला काय करू?"

इतकी वर्षे मी समजत होतो की एक स्वेटर गेला, त्याच्या जागी दुसरा आला आणि गोष्ट मिटली. माझे खोटे तिने देवाचा निरोप म्हणून ऐकले होते. ती ते दर महिन्याला पाळत होती, आणि मी सांगितले नसते तर आयुष्यभर पाळत राहिली असती. माझे हात लोकरीत अडकलेले होते, म्हणून उठून जाण्याचाही प्रश्न नव्हता.

"उंदीर नव्हता, बेटा," मी म्हणालो.

तिने वर पाहिले. पत्नीचा मटार सोलणारा हात थांबला.

"मी उतरवला तो स्वेटर, आणि नदीत सोडून आलो. तू त्या चार दिवसांत विणला होतास, हे मला माहीत होतं. तेवढ्यासाठीच उतरवला. देवाने तुला काही सांगितलं नाही. जे होतं ते माझ्या मनात होतं, आणि ते घाण होतं. मी खोटं बोललो, मामीला आठवडाभर रिकामा पिंजरा लावू दिला, तुला डब्याचं झाकण दाबताना पाहत बसलो. आज तू हे बोलली नसतीस तर कदाचित आजही गप्प राहिलो असतो, तेही सांगून टाकतो. माझं फार चुकलं. मी तुझी माफी मागतो."