मास्तरांचा डावा हात

आमच्या बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हे, शिंपीकामातले. वय एकसष्ट, त्यातली पंचेचाळीस वर्षं कापड बेतण्यात गेली, आणि हा माणूस डावखुरा आहे हे गल्लीत एकालाही माहीत नाही. समोर गिऱ्हाईक बसलं की मापं उजव्या हातानं लिहायची, पावती उजव्या हातानं द्यायची. मग पडद्यामागे जायचं आणि डाव्या हातात कात्री घ्यायची. ती कात्रीसुद्धा धारवाल्याकडून खास उलट्या पात्यांची करून घेतलेली.

हे सगळं आजोबांचं कर्तृत्व. बाबांचा डावा हात पट्ट्यानं पाठीशी बांधून आजोबांनी त्यांना उजव्यानं लिहायला शिकवलं. डावा सुटायला धडपडला की पट्टा सोडायचे आणि त्यानंच फोडून काढायचे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. बाबांनी मात्र त्यांच्याविरुद्ध कधी ब्र काढला नाही, उलट मलाही लहानपणीच दम भरला की कुणी विचारलंच तर उजवा सांगायचं.

गेल्या वर्षी मेंदूत गुठळी अडकली आणि नेमका डावाच हात गेला. बाबा चालतात, बोलतात, जेवतात, पण त्या हाताची मूठ उघडत नाही. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, नशीब मास्तर, डाव्यावर निभावलं. माझं डोकं फिरतं. बाबा मान डोलावतात.

मग इस्पितळात एक संशोधन सुरू झाल्याचं कळलं. आधी यंत्रात झोपवून मेंदूचे फोटो काढायचे, हात हलवणारा भाग किती शिल्लक आहे ते बघायचं, मग डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे आणि लगेच हाताचा व्यायाम घ्यायचा. गुण येईलच असं कुणी म्हणत नव्हतं. पण बाकी सगळ्यांनी हात टेकले होते, त्यामुळे आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं.

बाबा यंत्रात होते तेव्हा कारकुनानं माझ्याकडे फॉर्म दिला. लिहिता कोणत्या हातानं, चमचा कोणत्या, कात्री कोणत्या. मी फटाफट उजव्यासमोर खुणा करून मोकळी झाले. विचारसुद्धा केला नाही.

आठवड्यानं फोन आला. फोटो चांगले आहेत, पण घेता येणार नाही. ज्यांचा कामाचा हात गेलाय त्यांनाच घेतो, तुमच्या वडिलांचा तर शाबूत आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर त्या माणसाला वाट्टेल ते बोलले, आणि फोन ठेवल्यावर कळलं की शिव्या खायला हव्या होत्या त्या मीच. कात्री पिशवीत टाकली, बाबांना घेतलं आणि तडक इस्पितळ गाठलं.

संशोधनाच्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. कात्री उजव्या हातात धरून कागद कापून बघितला, तो नुसता चुरगळला. मग म्हणाल्या की नियम कळल्यावर उत्तर बदलायला सगळेच नातेवाईक येतात, त्यामुळे माझं काही धरता येणार नाही. पेशंट स्वतः काय सांगतो ते मात्र लिहून घेता येईल. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मी कबूल केलं. एवढंच ना, मला वाटलं.

त्यांनी विचारलं, "काका, कात्री कोणत्या हातानं धरता?"

बाबा सावरून बसले. टेबलापलीकडे तो कारकून, परका माणूस, फॉर्म घेऊन बसला होता. बाबांनी उजव्या हातानं डावी मूठ उचलून मांडीखाली सारली.

"उजव्या," ते म्हणाले.

मी ओरडलेच. बाईंनी मला गप्प केलं आणि पुन्हा एकदा, अगदी सावकाश विचारलं. पुन्हा तेच उत्तर. माझं म्हणणं त्यांना पटलंय हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण लिहायचं होतं बाबांचं. कारकुनानं लिहिलं, बाबांना सही करायला सांगितली. त्यांनी केली, सुरेख, उजव्या हातानं.

जिन्यात मी त्यांना नको नको ते बोलले. एवढी लाज? वर गेलेल्या माणसाची एवढी भीती? मरेपर्यंत मूठ आवळून बसा आता. बोलायचं थांबले तेव्हा पाहिलं, बाबा कठड्याला टेकून रडत होते.

"डावा म्हणायचं ठरवून आलो होतो गं," ते म्हणाले. "त्या कारकुनानं पेन उचललं आणि मला मार आठवला."