वरचा तांदूळ आणि माझा फोटो

सारोळ्याच्या हायवेवरच्या हॉटेलात तो माणूस माझ्यासमोर पाच मिनिटंही बसला नाही. डेटिंग ॲपवर तीन आठवडे गोड बोलला होता. मला पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि उठता उठता म्हणाला, "फोटोत बऱ्याच बारीक दिसता हो." भोरच्या बाजारात मी भल्याभल्यांना दरावरून घाम फोडलाय, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. तो राग मी अजून जपून ठेवलाय. सोडणार नाही.

माझ्या गावाहून, गुंजवण्याहून, दोन पोती तांदूळ एसटीच्या टपावर टाकून मी भोरला आले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. आज छत्तिसाव्या वर्षी दुकान माझं, बोर्ड माझा. या धावपळीत लग्न राहून गेलं, म्हणून ॲप घेतलं. फोटो टाकताना मोबाईलने गाल आत घेतले, रंग उजळला. मी होऊ दिलं.

सारोळ्यानंतर मी भात सोडला. तांदळाची व्यापारी मी, आणि काकडीवर दिवस काढायचे. शटर उघडलं की आधी पोत्यांच्या वजनकाट्यावर स्वतः उभी राहायची. गिऱ्हाईक नसलं की पुन्हा. शंभर ग्रॅम वाढले की दिवस वाया. ॲपवर कुणी पसंत केलं नाही की फोटो आणखी उजळायचा. दुकानातला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

अशात वेल्ह्याकडचे एक म्हातारे शेतकरी इंद्रायणीचं पोतं घेऊन आले. मी वरचा तांदूळ कधीच बघत नाही. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसायची आणि आतला दाणा तळहातावर घ्यायचा. आत निम्मी कणी निघाली. माझं डोकं फिरलं.

"बाबा, वर एक आणि आत एक? लाज नाही वाटत?"

म्हातारे शांतपणे म्हणाले, "ताई, लोक वरचाच बगत्यात. म्हून वर चांगला ठिवला."

आणखी बोलायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा म्हातारे टोपीने वारा घालत होते, आणि माझ्याकडे तांदूळ निवडायला येणाऱ्या मावशी तांब्या हातात धरून ओरडत होत्या, "दीड महिना बगतीया म्या! उपाशी राहून तांदूळ इकतीस! कुणासाठी गं? त्या मोबाईलातल्या मेल्यांसाठी?"

त्यांनी डब्यातला आमटीभात पुढे केला. मी सगळा खाल्ला. ज्या लबाडीवरून तेरा वर्षं शेतकऱ्यांशी भांडले, तीच मी माझ्या चेहऱ्याच्या बाबतीत केली होती. मग म्हाताऱ्यांचं पोतं ओतून तांदूळ एक केला आणि कणीच्या हिशोबाने दर देऊन ठेवून घेतला.

त्याच दुपारी मावशींना म्हटलं, "माझा फोटो काढा. आहे असा." केसांवर तांदळाची धूळ, खोचलेला पदर, दंड आहेत तेवढे जाड.

"हस की जरा! दर पाडून मागितल्यावानी काय बगतीस?"

तो फोटो टाकला आणि ॲप गप्पच झालं. काट्याकडे पाय अजून आपोआप वळायचे. एकाने लिहिलं, "जिम लावा." मी उत्तर दिलं, "पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन दाखव, मग बोल." सारोळ्याला अडकलेला आवाज तिथे थोडा मोकळा झाला. फोटो मात्र बदलला नाही.

दोन महिन्यांनी शिरवळला नोकरी करणारा एक जण ॲपवर बोलायला लागला. मी हॉटेलात गेले नाही. म्हटलं, "दुकानात या, भर दुपारी." आला. मी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"उंची किती लिहिलीय?"

तो ओशाळला. "दोन इंच जास्त. खरी लिहिली की कुणी बोलतच नाही."

"आम्ही बोलू. आधी दुरुस्त करा."

त्याने उभ्याउभ्या मोबाईल काढला, उंची बदलली आणि मला दाखवली. मावशी चाळणीआड तोंड लपवून हसत होत्या. मी त्याला स्टूल दिलं, चहा सांगितला.

पुढचं पुढे. पण तो गेल्यावर मी कप उचलून पाहिला. त्यात घोटभरही चहा उरला नव्हता.