पिल्लाचे पाय

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, जाऊन आता सहा-सात महिने झाले. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि माती देतात. तिला शेतात माझ्या धाकट्या भावाच्या शेजारी जागा दिली. माती लोटताना का कोण जाणे, मला ते कुत्रं आठवलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. एका बैठकीत चार ओळींपेक्षा जास्त होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, पुढं हैदराबादला जायचं की दुकानावर बसायचं हे ठरत नव्हतं, आणि ते ठरेपर्यंत पुस्तकं वाचत होतो. आमचं गाव उमरग्याच्या बाजूला, कानडी मुलखाला लागून. रॉकेल मिळेनासं झालं होतं. दिवेलागण झाली की गाव अंधारात बुडायचं, आणि चोऱ्या वाढल्या होत्या. घर गावाच्या टोकाला, अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, धंदा कापसाचा आणि धान्याचा. त्यांना धास्ती वाटायला एवढं पुरेसं होतं.

अप्पा कापूस घालायला सोलापूरला जात. तिथल्या गिरणीतल्या एका साहेबाच्या ग्रेट डेन कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक अप्पा पोत्यात गुंडाळून छकड्यातून घेऊन आले. राखी रंग, कपाळावर सुरकुत्या आणि पंजे असे की दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणलेत. त्याला नाव ठेवायचं राहूनच गेलं. वासराएवढं झालं तरी घरात सगळे त्याला पिल्लूच म्हणायचे.

सगळं गाव ते बघायला लोटलं. ओट्यावर बसून लोक तंबाखू मळत आणि अप्पांची चेष्टा करत.

"अप्पा, कुत्रं म्हनून शिंगरू गळ्यात मारलं की वो तुमच्या."

"खोगीर कवा घालताव?"

अप्पा हसत. आत्या हसत नसे. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन आमच्याकडे आलेली. घरातलं सोवळं-ओवळं, अय्यांची म्हणजे जंगम गुरूंची पाद्यपूजा, सगळं तिच्या शब्दावर चाले. ती म्हणाली, "लोकाची नजर लई वंगाळ. आत बांधा त्याला." मग पिल्लाच्या कपाळावर काजळाचं बोट, गळ्यात काळा दोरा, आणि मुक्काम ज्वारीच्या कोठीत. तिथं भर दुपारीसुद्धा हात चाचपत जावं लागे. खायला दूध, तूप, भाकरी, वरण. आमच्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी आत्या चूळ भरायची. पिल्लू फुगत चाललं, आणि आम्ही समजत होतो की बाळसं धरतंय.

पहिल्यांदा अव्वाच्या लक्षात आलं. ती कोठीत दुधाचं पातेलं घेऊन गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेलो तर ती खाली बसून पिल्लाचे पुढचे पाय चाचपत होती. सांधे लिंबाएवढे सुजलेले, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. दुधासाठी ते उठायला बघत होतं आणि छातीवर पडत होतं. पडल्यावर शेपूट हलवत होतं.

"असंच," अव्वा म्हणाली.

मला कळलं. माझा धाकटा भाऊ असाच होता. गुटगुटीत, हसरा, आणि पाय वाकडे. तिसरं लागायला आलं तरी उभा राहिला नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं माशाचं तेल लिहून दिलं होतं. अप्पांनी बाटली आणलीही, पण आत्या दारात आडवी उभी राहिली. लिंग धारण केलेल्या लेकराच्या तोंडात मासा? बाटली उंबऱ्यावरूनच परत गेली. अव्वा तेव्हा चुलीपाशी होती, ती उठून बाहेर आली नाही. पुढल्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. तापाचा आणि हाडांचा काही संबंध नव्हता, असं अप्पा म्हणत. कुणी विचारलेलं नसताना म्हणत.

आता पिल्लू उठेना तसं घर पुन्हा त्या जुन्या काळजीत शिरलं. सकाळी उठल्याबरोबर आधी कोठीत डोकवायचं, उभं आहे का बघायचं. एक दिवस चुलते येऊन बघून गेले. म्हणाले, "जनावर हाय, किती हाल करता? म्होरल्या सोमवारी म्या वड्याला घिऊन जातो." म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. अप्पांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मात्र समजलं नाही. त्या दिवशी अव्वा जेवली नाही.

सोमवारच्या आधी अप्पांनी तालुक्याहून सरकारी सलोत्री आणवला. हा घोड्या-गुरांचा डॉक्टर, म्हातारा मुसलमान गृहस्थ, कायम घाईत असलेला. त्यानं कोठीच्या दारातूनच आवाज चढवला.

"अंधेरे में कायकू रखे जी? चोर है क्या ये?"

"नजर लागती म्हनून," अप्पा पुटपुटले.

"नजर!" त्यानं पाय चाचपले. "हड्डी नरम है. बाहर निकालो, धूप में. गोश्त तो तुम लोगां देते नै. फिर मछली का तेल देव. नै तो ये उठता नै."

आत्या आत निघून गेली. अव्वानं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या सोलापूरला जा."

मी गेलो. येताना बाटली पिशवीत, पुस्तकांच्या मधे, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. मोटारीच्या प्रत्येक गचक्याला मी पिशवी उचलून धरत होतो. निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पिशवीत हात घातला.

"शराब?"

"मछली का तेल."

त्यानं बूच काढून हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग माझ्या कपाळावरची विभूती बघितली आणि पोट धरून हसला. "अरे देखो, अय्या का चेला मछली पीता!" मोटारीतले सगळे हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. बूच नीट बसलं का, एवढंच मी बघत होतो.

घरी आलो तेव्हा ऊन कलायला अजून अवकाश होता. पिल्लाला अंगणात काढून पोत्यावर निजवलं होतं. आत्या उंबऱ्यावर उभी होती, पूर्वीसारखीच.

"घरातला चमचा न्हाय मिळायचा. वाटी न्हाय. काय बी न्हाय."

"आक्का, जनावराला तर द्यायचं..." अप्पा म्हणाले. त्यांनी बाटली घेतली, बूच उघडलं आणि वास येताच परत लावलं. त्यांनी बाटली खाली ठेवली. "गडी येऊ दे सांच्याला. तो पाजील."

अव्वा ओसरीवरून पुढं आली. गळ्यातलं लिंग तिनं दोऱ्यासकट पाठीवर टाकलं, वरून पदर गच्च ओढून घेतला. मग खाली बसली आणि ते तेल आपल्या उजव्या तळहातावर ओतलं. पिल्लानं आधी हुंगलं, मग तिचा हात चाटून पुसून काढला. तिनं पुन्हा ओतलं.

"वन्सं," ती मान वर न करता म्हणाली, "माज्या लेकराला न्हाय दिलं तवा. म्या बी गप बसले. आता ह्याला देते. काय बोलायचं त्ये बोला."

अप्पा कापसाच्या गाठींकडे निघून गेले. अव्वा उठली, आडावर जाऊन पाणी शेंदलं आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून घेतलं. नंतरच ती देवघरात गेली.

मग रोज हेच. दुपारचं ऊन, तळहातावर तेल, आणि थंडीच्या दिवसांत आडाचं गार पाणी. चुलते सोमवारी आले, तशी अव्वा पिल्लाशेजारी जाऊन बसली. चहा पिऊन ते परत गेले. पिल्लात काही फरक दिसत नव्हता. अव्वा खोकायला लागली होती. मी पुस्तक उघडून ओट्यावर बसायचो आणि एक पान दहा वेळा वाचायचो. ते मेलं तर अव्वाचं काय होईल, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं.

एक दिवस ती तेल पाजून आडाकडे वळली तर न्हाणीत पाणी काढलेलं होतं. बंब पेटवलेला, घंगाळ भरलेलं, वर कोरडं लुगडं. आत्या चुलीपाशी पाठमोरी बसून भाकरी थापत होती. "गार पान्यानं मरशील," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ते पाणी रोज तापू लागलं.

पिल्लू उभं राहिलं तेव्हा मी तिथं नव्हतो, दुकानावर होतो. आत्याच धावत सांगायला आली, डोक्यावर पदर नव्हता. मी पळत गेलो. ते अंगणात चार पायांवर उभं होतं, डावा पाय अजून थोडा वाकडा, तो पुढंही तसाच राहिला. अव्वा त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती. ते चालत तिच्याकडे आलं, पडलं नाही. तिनं त्याला हात लावला नाही. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली, आणि मग अशी रडली की आत्याला तिला धरून आत न्यावं लागलं.